सिमेंटिंग इंजिनिअर म्हणजे गवंडीकाम नाही हो ताई

ताई, तुमचं पत्र वाचलं. मुलगा मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला, तेलविहिरींची कामं करणाऱ्या कंपनीकडून सिमेंटिंग फील्ड इंजिनिअरची ऑफर आलीय, आणि तुम्ही विचारताय की सिमेंटच भरायचं होतं तर चार वर्षं मेकॅनिकल कशाला शिकवलं, हे तर सिव्हिलवाल्यांचं काम. नावावरून कुणालाही तसंच वाटेल, पण हे काम पक्कं मशीनचं आहे.

विहीर टप्प्याटप्प्याने ड्रिल करतात आणि प्रत्येक टप्प्याला आत स्टीलचा पाइप सोडतात, ते केसिंग. केसिंग आणि खडक यांच्यामधली फट सिमेंटने बुजवली नाही तर खालचा गॅस तिथूनच वर येतो. आणि हे सिमेंट वरून ओतत नाहीत, केसिंगच्या आतून पंपाने खाली दाबतात, मग ते तळातून बाहेर पडून फटीतून वर चढतं. त्यासाठी ट्रकवरचं सिमेंटिंग युनिट, दट्ट्याने दाबणारा प्लंजर पंप, स्लरी म्हणजे सिमेंट-पाण्याचा पातळ गारा कालवणारा मिक्सर, वर केसिंगच्या तोंडाशी सिमेंटिंग हेड. केसिंगच्या तळाला फ्लोट शू आणि त्याच्या थोडं वर फ्लोट कॉलर, दोन्हीत एकाच बाजूला उघडणारे व्हॉल्व्ह, आणि केसिंग मधोमध राहावं म्हणून बाहेरून सेंट्रलायझर. सिमेंटच्या पुढे एक आणि मागे एक रबरी प्लग म्हणजे बूच सोडतात, आणि मागच्या प्लगला पाण्याने खाली ढकलतात.

मागचा प्लग कॉलरवर टेकला की प्रेशरचा काटा झपकन वर जातो. मग प्रेशर सोडायचं आणि टाकीकडे बघत उभं राहायचं, थोडं पाणी परत येऊन थांबलं तर व्हॉल्व्हने धरलं, येतच राहिलं तर सिमेंट मागे फिरतंय, आणि तेव्हा काय करायचं हे तुमच्या मुलालाच सांगावं लागणार.

जबाबदारी मोठी आहे हे लपवत नाही. 20 एप्रिल 2010 ला मेक्सिकोच्या आखातात मॅकोंडो विहिरीत सिमेंटने गॅस रोखला नाही, विहीर खणणाऱ्या रिगवरची 11 माणसं गेली. म्हणूनच हे काम मन लावून करणारी मुलं मला तिथे हवीत.

माझं मत, त्याला पंप-व्हॉल्व्हची मनापासून आवड असेल तर जाऊ द्या. पण केसिंग रात्री दोनला खाली पोचलं तर काम रात्री दोनलाच, दिवाळीला घरी येईलच असं नाही, आणि तेलाचे भाव पडले की या लाइनमध्ये नोकऱ्या जातात, 2015 आणि 2020 मध्ये गेल्याच. म्हणून गेटसारख्या परीक्षांचा अभ्यास सोडू देऊ नका, ओएनजीसीच्या भरतीत सिमेंटिंगची वेगळी पोस्ट निघालेली आहे आणि ती मेकॅनिकलवाल्यांनाही चालते.

सही करायच्या आधी बॉण्ड किती वर्षांचा आणि समुद्रावर पाठवणार असतील तर हेलिकॉप्टर पाण्यात पडल्यावर बाहेर कसं पडायचं ते ट्रेनिंग कंपनी देणार का, एवढं लेखी विचारून घ्यायला सांगा. आणि रेसिप्रोकेटिंग पंपाचा धडा परत काढायला लावा, वरचा प्लंजर पंप त्यातलाच, पहिल्या दिवसापासून तोच लागणार आहे.