सरकारी कंपनी: ठेवायची की विकायची, हे नंतर बघू

अगं, तुझा लांबलचक मेसेज दोनदा वाचला. सरकारी कंपन्या म्हणजे पांढरे हत्ती, सगळ्या विकून टाकल्या की देश सुटेल असं तुझं म्हणणं, आणि तुझ्याच ग्रुपमधल्या एकाचं म्हणणं की सगळं सरकारकडेच पाहिजे. भांडण जोरात चाललंय, पण दोघांपैकी एकानेही एखाद्या कंपनीचा ताळेबंद उघडून बघितलेला दिसत नाही म्हणून जरा सविस्तर लिहितेय. आपल्याकडची उदाहरणं मुद्दाम घेत नाहीये, ती घेतली की कुठला पक्ष आणि कुठलं सरकार ह्यावरच गाडी घसरते.

आधी हे बघ की सरकार धंद्यात पडतं कशाला. पोलाद, वीज, रेल्वे ह्यात पैसा ओतायचा आज आणि परतावा यायचा पंधरा-वीस वर्षांनी, एवढा धीर खाजगीवाल्याकडे बहुतेक वेळा नसतो. दक्षिण कोरियात १९६८ मध्ये पोहांगचा पोलाद कारखाना काढायचं ठरलं तेव्हा वर्ल्ड बँकेपासून सगळ्यांनी हात वर केले, हे काही चालणार नाही म्हणाले. शेवटी १९६५ च्या करारातून जपानकडून मिळालेला पैसा त्यात घातला आणि १९७३ मध्ये उत्पादन सुरू झालं, वर्षाला दहा लाख टनांच्या आसपास क्षमता. कंपनीचं नाव पोस्को. चालवणारा पार्क ते-जून, लष्करातून आलेला माणूस. १९७७ मध्ये एका बांधकामाचं काँक्रीट निकृष्ट निघालं, काम ८० टक्के झालेलं होतं, तर ह्याने ते सगळ्यांसमोर सुरुंग लावून उडवून दिलं. आणि खरेदीत पुढाऱ्यांनी नाक खुपसू नये म्हणून त्याने थेट राष्ट्राध्यक्षांची सही घेऊन ठेवली होती. मला त्या सुरुंगापेक्षा ही सही महत्त्वाची वाटते. पुढे कंपनी पायावर उभी राहिली आणि २००० पर्यंत सरकारने आपला हिस्सा विकून टाकला, म्हणजे शिरायचं कधी आणि निघायचं कधी दोन्ही जमलं.

आता दुसरं टोक. दक्षिण आफ्रिकेतली एस्कॉम, १९२३ सालची वीज कंपनी. १९९८ च्या सरकारी धोरणपत्रातच स्पष्ट होतं की २००७ च्या सुमाराला वीज कमी पडणार. तरी एस्कॉमला नवीन केंद्रं बांधू दिली नाहीत कारण सरकारला वाटलं खाजगी गुंतवणूकदार येतील, ते काही आले नाहीत, वीज इतकी स्वस्त ठेवलेली होती की येऊन कमावणार काय. २००७ संपता संपता लोडशेडिंग सुरू झालं, अगदी कागदात लिहिलं होतं त्या वर्षी. मग घाईघाईत मेडुपी आणि कुसिले अशी दोन अवाढव्य कोळशाची केंद्रं काढली, ती वर्षानुवर्षं रखडली, खर्च फुगत गेला, वर भ्रष्टाचार, आणि नगरपालिका विजेची बिलंच भरेनात. शेवटी २०२३ मध्ये सरकारने २५४ अब्ज रँडचा (रँड हे तिथलं चलन) कर्जाचा बोजा स्वतःच्या डोक्यावर घ्यायचं ठरवलं. सरकारी म्हणून बुडाली असं तू म्हणशील. मी म्हणेन की बांधायचं की नाही हे मंत्री ठरवणार आणि जबाब मात्र कंपनीने द्यायचा, अशी सोय असेल तर कुठलीही कंपनी बुडेल.

यानोश कोर्नाई नावाचा हंगेरीचा अर्थतज्ज्ञ होता, तोटा झाला तरी सरकार भरून काढेलच ह्या भरवशावर खर्चाला लगाम न राहणं, ह्या रोगाला त्याने नाव दिलं, सॉफ्ट बजेट कन्स्ट्रेंट. बाप दर वेळी उधारी फेडत असेल तर पोरगा हिशोब ठेवणार कशाला, एवढंच. पण हा रोग फक्त सरकारीवाल्यांना होतो असं समजू नकोस हं. ब्रिटनमध्ये रुळांची मालकी असलेली रेलट्रॅक १९९६ मध्ये शेअर बाजारात आली, ऑक्टोबर २००० मध्ये हॅटफील्डला रूळ तुटून अपघात झाला, चार माणसं गेली, वर्षभरात कंपनी दिवाळखोरीत आणि २००२ मध्ये रूळ नेटवर्क रेलकडे गेले, जिला मागून सरकारचाच आधार होता. रेल्वे काही बंद ठेवता येत नाही ना, मग मालक कुणीही असो, बिल शेवटी लोकांच्याच नावावर फाटतं.

नॉर्वेने १९७२ मध्ये तेल कंपनी काढली, स्टॅटऑइल, आताची इक्विनॉर, आणि त्याच वेळी तिच्यापासून वेगळं पेट्रोलियम डायरेक्टोरेट केलं. तेल काढणारा एक, त्याच्यावर नजर ठेवणारा दुसरा, धोरण ठरवणारं मंत्रालय तिसरं. आजही सरकारचा हिस्सा ६७ टक्के आहे आणि कंपनी नीट चालते. अर्थात तेल सापडल्यावर बरंच सोपं जातं हेही खरं, पण व्हेनेझुएलातही तेल कमी नव्हतंच, तरी तिथली सरकारी तेल कंपनी गाळात गेली.

तू कुठलीही सरकारी कंपनी बघशील तेव्हा नफ्याचा आकडा शेवटी बघ. आधी हिशोबाच्या टिपांमध्ये जा, त्या मागच्या पानांवर बारीक अक्षरात असतात आणि कुणी वाचत नाही. सरकारी खात्यांकडून किती येणं बाकी आहे आणि ते दर वर्षी वाढतंय का, सरकारची हमी किती कर्जावर आहे, लाभांश रोखीतून दिलाय की तेवढ्यासाठी कर्ज काढलंय, अध्यक्ष किती वर्षं टिकतो. आणि तोट्यातली सेवा. दुर्गम भागात गाडी चालवायला किंवा स्वस्त वीज द्यायला माझी काहीच हरकत नाही, सरकारी कंपनी त्यासाठीही असते, पण त्याचे पैसे बजेटमध्ये उघड दाखवून कंपनीला मोजून दिले पाहिजेत. नाहीतर काय होतं, ढिसाळ कारभाराचा तोटाही त्याच सामाजिक जबाबदारीच्या खात्यात ढकलतात आणि कुठला तोटा कशाचा हे ऑडिटरलाही सांगता येत नाही, मी स्वतः अशा फायलींवर डोकं फोडलंय.

तर एक कंपनी निवड, एकच, पाच वर्षांचे रिपोर्ट काढ आणि येणं बाकी आणि हमी हे दोन आकडे एका कागदावर उतरव. तुझ्या त्या मित्राला दुसरी कंपनी दे. शनिवारी दुपारी मी मोकळी आहे, कागद समोर घेऊनच दोघं फोन करा.