स्टोमाची (मल बाहेर येण्यासाठी ऑपरेशनने पोटावर केलेल्या आतड्याच्या तोंडाची) पिशवी दुसऱ्याच दिवशी सुटते. आरोग्य केंद्रातल्या नर्सना नेमकं काय शिकवावं?

आधी मोजायला शिकवा. बरीचशी गळती चकतीच्या (पिशवीचा कातडीला चिकटणारा भाग) भोकाचं माप चुकल्याने होते. चकतीचं भोक स्टोमापेक्षा 2 ते 3 मिमीच मोठं हवं. जास्त ठेवलं की उघड्या कातडीवर मल साचून ती सोलवटते, आणि सोलवटलेल्या ओल्या कातडीवर चकती टिकत नाही. इलिओस्टोमीत (लहान आतड्याच्या स्टोमात) तर हे काही तासांत होतं. ऑपरेशननंतर 6 ते 8 आठवडे स्टोमा आक्रसत जातो, म्हणून दर आठवड्याला पुन्हा माप घ्यायचं. जुनाच कागदी साचा वापरत राहणं ही नेहमीची चूक.

कातडी कोमट पाण्याने पुसून पूर्ण कोरडी करा. स्पिरिट नको, खोबरेल तर मुळीच नको (आपल्याकडे घरची माणसं मायेने लावतात!). चकती बसवल्यावर तळहाताने मिनिटभर दाबून ऊब द्या. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करायची. गोव्याच्या पावसाळी दमटपणात, घामात चकती लवकर सुटू शकते. कडा फुगलेली, पांढरट दिसली की ठरल्या दिवसाची वाट न बघता बदला.

पुसताना किंचित रक्त येणं चालतं. स्टोमा जांभळा-काळा दिसला तर लगेच सर्जनला कळवा.