जन्मदाखल्यातील रिकामा रकाना आणि पोटगी

‘जन्मदाखल्यावर वडिलांचे नावच नाही, मग पोटगी कशी मागायची?’ हा प्रश्न मी इतक्या अविवाहित मातांकडून ऐकला आहे की त्यामागची घालमेल आता पहिल्या वाक्यातच ओळखू येते. त्यांपैकी एकीची हकिकत, ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून, येथे सांगते.

मुलगी चार वर्षांची होती आणि ‘आपले लग्न झालेच नव्हते’ एवढे म्हणून तिचा जन्मदाता मोकळा झाला होता. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४, म्हणजे जुलै २०२४ पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५, औरस आणि अनौरस अशा दोन्ही अपत्यांना पित्याकडून पोटगीचा हक्क देते, हे मी पहिल्याच भेटीत सांगितले. तिने मान डोलावली, पण पुढच्या दोन भेटींत अर्जाचा विषयही काढला नाही. कायदा कळला की माणूस लगेच पाऊल उचलतो असे मी कधीच मानले नाही. तरीही मी अधीर झाले होते, हे कबूल करते.

चौथ्या भेटीत ती म्हणाली, “मॅडम, ज्यानं मला ओळख दाखवायचं सोडलं, त्याच्यापुढे हात पसरू?”

समजूत घालण्याचा मोह आवरून मी विचारले, “अर्जदार म्हणून नाव कोणाचं लागेल?”

“माझंच की.”

“मुलीचं. तुम्ही फक्त तिच्या पालक.”

पर्सच्या पट्ट्याशी चाळा करत ती बराच वेळ गप्प राहिली. मग हळूच म्हणाली, “म्हणजे मागणारी मी नाहीच.”

तिचा अपमान आणि मुलीचा हक्क एकाच गाठोड्यात बांधले गेले होते. ती गाठ तिनेच सोडवली, मी केवळ प्रश्न विचारून थांबले. असे थांबणे मला बऱ्याच वर्षांनी जमू लागले आहे.

वैध विवाहात जन्मलेले मूल पतीचेच, असे कायदा गृहीत धरतो. अविवाहित मातेला मात्र पितृत्व सिद्ध करावे लागते. म्हणून मोबाइलवरील संदेश, पैसे पाठवल्याच्या नोंदी, प्रसूतीच्या वेळची रुग्णालयाची कागदपत्रे जपून ठेवावीत. डीएनए चाचणीचा आदेश न्यायालय सरसकट देत नाही, परंतु आदेशानंतरही कोणी चाचणी टाळली, तर त्याच्याविरुद्ध निष्कर्ष काढता येतो. खटला चालू असताना अंतरिम पोटगी मागता येते, आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

चाचणीचा विषय निघताच त्या गृहस्थाने पितृत्व मान्य केले. आता ती पुन्हा येते आहे. वडिलांविषयी मुलीला काय सांगायचे, यावर आमचे बोलणे चालू आहे.