हस्तक्षेप की ढवळाढवळ?

प्रश्न असा आला आहे : ‘एका विज्ञानकथेचं भाषांतर करते आहे. प्रगत यानवाल्यांनी मागास ग्रहावरच्या समाजात “इंटरफिअर” करायचं नाही, असा त्यात नियम आहे. हस्तक्षेप लिहू, ढवळाढवळ की दखल?’

‘दखल’ आधी बाजूला ठेवा. दखल देणं हे हिंदीतलं. मराठीत आपण दखल घेतो, म्हणजे लक्ष देतो. ‘दखल घेऊ नये’ असं लिहिलंत तर त्या ग्रहाकडे बघूसुद्धा नये असा अर्थ होईल, आणि यानवाले तर निरीक्षणासाठीच आलेले असतात. ‘लुडबूड’ही नको. लुडबूड लहानांनी मोठ्यांत करायची, इथे सगळं उलटं आहे.

उरले दोन. हस्तक्षेप म्हणजे शब्दशः हात टाकणं, पण शब्द कागदोपत्री आहे. न्यायालयही हस्तक्षेप करतं आणि त्यात काही वावगं नसतं. ढवळाढवळ म्हटलं की पाणी गढूळ झालंच, निकाल शब्दातच लागला. म्हणून नियमाच्या कलमात ‘हस्तक्षेप’ आणि त्या ग्रहावरच्या म्हातारीच्या तोंडी ‘ढवळाढवळ’. एकाच इंग्रजी शब्दाला सगळीकडे एकच मराठी शब्द हवा, हा हट्ट मला मान्य नाही.

पण माझा खरा जीव अडकलाय तो ‘हात घालणं’ आणि ‘हात देणं’ यांत. दुसऱ्याच्या कारभारात आपण हात घालतो, बुडत्याला हात देतो. दिलेला हात समोरच्यानं धरावा लागतो. घातलेल्या हाताला कुणाची संमती लागत नाही. या कथांमधला सगळा नैतिक पेच मला या दोन क्रियापदांत दिसतो.

‘स्टार ट्रेक’ या अमेरिकी विज्ञानकथा-मालिकेचा १९६८ सालचा एक भाग घ्या, व्हिएतनाम युद्ध चालू असतानाचा. धनुष्यबाण वापरणाऱ्या ग्रहावर क्लिंगॉन, म्हणजे प्रतिस्पर्धी परग्रहवासी, एका गावाला चकमकीच्या दगडाच्या ठिणगीने उडणाऱ्या बंदुका पुरवतात. समतोल राखायचा म्हणून मालिकेतल्या यानाचा प्रमुख कॅप्टन कर्क त्याच ग्रहावरच्या डोंगरातल्या लोकांनाही तशाच शंभर बंदुका द्यायचं ठरवतो. त्यांचा म्होरक्या टायरी त्याचा जुना मित्र, आधी माणूस मारायला ठाम नकार देणारा. बायकोचा खून झाल्यावर तोच बंदुका मागतो, आणखी पुष्कळ हव्यात म्हणतो.

मागितल्या, म्हणून कर्कनं हात दिला म्हणायचं? मी तिथेही ‘हात घातला’च लिहीन. टायरीनं मागण्याआधीच त्याच्या माणसांना बंदूक चालवायला शिकवणं सुरू झालं होतं.