आई रात्री उठून पिशवी का भरते?

‘आई सारखी लहानपणची लढाई सांगते, मध्यरात्री उठून दिवे मालवते; हा विस्मरणाचा आजार तर नव्हे? तिला तो विषय काढू द्यावा की टाळावा?’ घरात वृद्ध माणसे असलेल्यांकडून हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. अमळनेरकडच्या एका कुटुंबाचा अनुभव, ओळख पटू नये इतके तपशील बदलून, येथे देत आहे.

नव्वदीला टेकलेल्या या आजी मूळच्या गिरगावच्या. १९४२ च्या फेब्रुवारीत सिंगापूर आणि मार्चमध्ये रंगून जपान्यांच्या हाती गेले, एप्रिलमध्ये विशाखापट्टणमवर बॉम्ब पडले, तेव्हा आता पाळी मुंबईची या धास्तीने अनेकांनी बायकामुले गावी धाडली. सहा-सात वर्षांच्या या मुलीलाही मामाबरोबर भुसावळच्या गाडीत बसवून तापीकाठच्या खेड्यात पाठवण्यात आले. ७ मे २०२५ रोजी देशभर नागरी संरक्षणाचा सराव झाला, टीव्हीवर भोंगे वाजत राहिले, आणि त्यानंतर आजी रात्री पिशवी भरू लागल्या: दोन लुगडी, औषधांचा डबा, कागदात गुंडाळलेल्या भाकरी. ‘आता कुठली लढाई, झोप बरं,’ असे म्हणून घरचे विषय मिटवत.

असा गोंधळ एक-दोन दिवसांत अचानक उद्भवला, तर लघवीतील जंतुसंसर्ग, रक्तातील सोडियमची घट किंवा नवे औषध यांपैकी काही कारण असू शकते, म्हणून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. आजींच्या तपासण्या ठीक होत्या. त्यांना वार ठाऊक होता, सकाळची भाजी आठवत होती, दूधवाल्याचा हिशेबही त्याच ठेवत होत्या; म्हणून हा विस्मरणाचा आजार असेल असे मला वाटले नाही. पाच मिनिटांत तोच प्रश्न पुन्हा विचारणे, रोजची वाट चुकणे, चहा करण्याचा क्रम विसरणे, यांतले काही आढळले असते तर माझा अंदाज वेगळा असता.

‘आजी, गाडीत तुमच्याबरोबर आई होती का?’ असे मी विचारले. बॉम्बची गोष्ट घडाघडा सांगणाऱ्या आजी इथे थांबल्या. ‘आठ दिवसांत येते म्हणाली होती. पावसाळा गेला तरी आली नाही. मामी म्हणायची, तुनी माय येई, रडू नको.’ लंडनमध्ये युद्धकाळात मुलांची संगोपनगृहे चालवणाऱ्या ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम यांनाही हेच दिसले होते की, पुष्कळ लहान मुलांना बॉम्बहल्ल्यापेक्षा आईपासूनची ताटातूट अधिक सोसवत नाही.

मग घरातले अलीकडचे बदल विचारले असता, त्याच उन्हाळ्यात लाडकी नात शिक्षणासाठी पुण्याला गेल्याचे सूनबाईंनी जाता जाता सांगितले. माझ्या मते भोंग्यांनी जुनी भीती जागी केली, पण ती टिकली नातीच्या जाण्याने.

म्हणून विषय टाळू नये, मात्र ‘बॉम्बचं सांगा’ असा आग्रहही धरू नये. त्यांनी सुरुवात केली की मामी, शाळा, नदी यांविषयी विचारावे आणि रडू आल्यास जवळ बसून राहावे. रात्री बातम्या बंद कराव्यात, बाहेर जाताना परतण्याची वेळ सांगावी आणि ती पाळावी. नात आता रोज ठरल्या वेळी फोन करते. पिशवी अजून अधूनमधून भरली जाते; स्मरणशक्तीची चाचणी आम्ही सहा महिन्यांनी पुन्हा घेणार आहोत.