डॉक्युमेंट एक सांगतं, एपीआय दुसरंच देतो

प्रश्न: नमस्कार मॅडम, आमची सातपूरला छोटी सॉफ्टवेअर कंपनी आहे, द्राक्षाच्या पॅकहाऊस आणि कोल्ड स्टोरेजवाल्यांसाठी सिस्टम बनवतो. मोबाइल ॲप दुसरी टीम करते, ती पिंपळगावला बसते आणि आमच्या एपीआयच्या, म्हणजे ॲप आमच्या सर्व्हरशी ज्यातून बोलतं त्याच्या, डॉक्युमेंटवरच चालते. एपीआय काय घेतो, काय देतो हे ठरलेल्या पद्धतीनं लिहिलेली ओपनएपीआयची यामल फाइल आहे पण कोड पुढे जातो आणि फाइल तिथंच राहते. मागच्या सीझनला क्रेटच्या स्टेटसमध्ये आम्ही एक नवीन व्हॅल्यू टाकली, फाइलमध्ये लिहायचं राहिलं, ॲप क्रॅश, आणि फोन सगळे आम्हाला. आता साहेब म्हणतात दर शुक्रवारी एकानं बसून फाइल तपासायची. टेस्टनं होईल का हे?
– एक वाचक, सातपूर, नाशिक

उत्तर: होईल, आणि साहेबांना सांगा शुक्रवारचं राहू द्या, कारण रिलीज अंगावर आला की सगळ्यात आधी तेच काम सुटणार. फाइल आणि कोड जुळत नसतील तर बिल्डच (कोड आपोआप तपासून तयार करायची पायरी) फेल झाला पाहिजे, म्हणजे तो बदल मुख्य कोडमध्ये मर्जच होणार नाही.

तुमच्याकडे इंटिग्रेशन टेस्ट, म्हणजे एपीआयला खरंच हाक मारून बघणाऱ्या टेस्ट, असतीलच, थोड्या का होईना. त्यातच स्कीमा व्हॅलिडेटर बसवा, म्हणजे टेस्टमध्ये येणारा प्रत्येक रिस्पॉन्स यामल फाइलशी ताडून बघितला जाईल, नवीन टेस्ट न लिहिता. त्यावर स्कीमाथेसिस चालवा. हे टूल तुमची फाइल वाचून स्वतःच उलटसुलट इनपुट तयार करतं, चालू सर्व्हरला मारतं आणि स्टेटस कोड, कंटेंट टाइप, बॉडी फाइलप्रमाणे आहे का बघतं, बॅकएंड कुठल्याही भाषेत असो. फक्त लाइव्ह सर्व्हरवर नको हं, ते डिलीटसुद्धा मारतं! जुन्या लोकांकडून ड्रेड या अशाच टूलचं नाव ऐकाल, पण तो प्रोजेक्ट आता आर्काइव्ह झालाय, नव्यानं त्यात शिरू नका. जावावाले असाल तर स्प्रिंग रेस्ट डॉक्स उलटं करतं, टेस्टमधूनच डॉक्युमेंट बनतं आणि एखादी फील्ड लिहायची राहिली की टेस्ट पडते.

आता खरी गोम. टेस्ट लावली, सगळं हिरवं आलं, म्हणजे फाइल बरोबर आहे असं नाही, ती ढिली असेल तरी हिरवंच येतं. स्टेटस नुसतं स्ट्रिंग लिहिलं असेल तर कुठलीही व्हॅल्यू पास, इनम, म्हणजे चालणाऱ्या व्हॅल्यूंची ठरलेली यादी, लिहिलं तरच अडेल. रिक्वायर्डची, म्हणजे असायलाच हव्यात अशा फील्डची, यादी दिली नाही तर फील्ड गायब झाली तरी पास. आणि अॅडिशनल प्रॉपर्टीज (फाइलमध्ये न लिहिलेल्या फील्ड) डिफॉल्टनं चालतात, म्हणजे कोडनं चार जास्तीच्या फील्ड पाठवल्या तरी टेस्ट गप्प. म्हणून टेस्टपुरती ती फॉल्स करा, ॲपवाल्यांना द्यायच्या फाइलमध्ये नको, नाहीतर उद्या साधी एक फील्ड वाढवली तरी त्यांचं अडायचं. ऑल-ऑफ (अनेक स्कीमा जोडून एक करणं) वापरत असाल तर फॉल्स करून नुसती डोकेदुखी होते, तिथं २०२१ साली आलेल्या ओपनएपीआय ३.१ मधलं अनइव्हॅल्युएटेड प्रॉपर्टीज कामाचं आहे.

आणि तुमचा मागचा गोंधळ नीट बघा, तेव्हा फाइल वेळेत अपडेट केली असती तरी ॲप क्रॅशच झालं असतं, कारण पिंपळगावला कळवलं कोणी? त्यासाठी ओएएसडिफ हे टूल आहे, पुल रिक्वेस्टमध्ये (कोडमधला बदल मर्जसाठी मांडतात तिथं) जुनी आणि नवी फाइल शेजारी ठेवून रिस्पॉन्सच्या इनममध्ये व्हॅल्यू वाढली, फील्ड काढली वगैरे दाखवतं. तो रिपोर्ट थेट त्यांच्या ग्रुपवर जाऊ द्या. आणि अनोळखी स्टेटस आलं की ॲपनं पडायचं नाही, "इतर" म्हणून दाखवायचं, एवढं त्यांच्याकडून करून घ्याच.

एक गोष्ट मात्र यातली कुठलीच टेस्ट पकडत नाही, वजनाचं एकक. काल किलोत पाठवलं आणि आज क्विंटलमध्ये, दोन्ही नंबरच, स्कीमा खूश. तिथं फील्डच्या नावातच किलो लिहून टाका.

सुरुवात सगळ्या एपीआयवर एकदम करू नका, शेकड्यानं एरर दिसतील आणि कोणीतरी टेस्टच बंद करेल. ॲप ज्याला सगळ्यात जास्त हाक मारतं तो क्रेटचा एंडपॉइंट (एपीआयमधला एक पत्ता) घ्या, पण त्याच्यावर पहिल्या दिवसापासून बिल्ड फेल करा, नुसती वॉर्निंग कोणी वाचत नाही. ऑक्टोबर छाटणी चालू असताना हे उरकलं तर बरं, माल निघायला लागल्यावर तुम्हाला जेवायला वेळ मिळत नसणार.