अचानक चार कोंबड्या सांभाळायची वेळ आली आहे. खुराडं केवढं करू, खायला काय घालू आणि अंडी किती मिळतील?

खुराड्याचं शेवटी सांगते. शेजारी घर सोडून गेले आणि त्यांच्या तीन कोंबड्या नि एक कोंबडा तुमच्या परसात राहिला, असं तुम्ही लिहिलंय. त्याखाली लिहिलंय, "गावठीच आहेत, त्यामुळे आजारपणाची काळजी नाही." त्या एका वाक्यासाठी मी लिहायला बसले. हेच वाक्य मी माझ्या घरात ऐकलं आणि गप्प बसले. त्यात पाच जीव गेले.

आम्ही चिपळूण तालुक्यातले. माझं माहेर माळकरी, त्यामुळे लग्नापर्यंत कोंबडीला मी हातही लावलेला नव्हता. शेजारच्या काकी सुनेच्या बाळंतपणाला मुंबईला निघाल्या तेव्हा त्यांची कोंबडी खुडूक होऊन नऊ अंड्यांवर बसली होती. बारावा दिवस होता. दिवसा हलवली तर अंडी टाकेल म्हणून रात्री काळोखात त्यांनी ती टोपल्यासकट आमच्या पडवीत आणून ठेवली. "नऊ दिवस दाणापाणी बघ, पिल्लं निघाली की मी येतेच." त्या आल्या सहा महिन्यांनी.

एकविसाव्या दिवशी पहाटे पेंढ्यातून चिवचिव ऐकू आली. कोंबडीच्या पोटाखाली हात घातला तर तिनं मनगटावर टोच मारली, पण बोटांना काहीतरी ओलं, गरम, वळवळणारं लागलं होतं. सात निघाली. एक अंडं नासलेलं होतं आणि एकातलं पिल्लू कवचाला भोक पाडून तिथंच थांबलं होतं. मी दिवसभर कणी पुढे करत होते, एकही खाईना, माझा जीव वर-खाली. निघताना अंड्यातला बलक पिल्लाच्या पोटात गेलेला असतो, दिवसभर त्याला खायची गरज पडत नाही, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. तुमचीही एखादी बसेलच, म्हणून लिहून ठेवते.

एक पिल्लू खळ्यातून घारीनं नेलं. सहा राहिली.

ती आठवड्याची झाली तेव्हा मी पशुवैद्यकीय दवाखान्यात गेले होते. मानमोडीची लस, म्हणजे राणीखेत या कोंबड्यांच्या साथीच्या रोगाची, कमीत कमी शंभर पक्ष्यांच्या कुपीत मिळेल असं कळलं. ती बर्फात ठेवायची आणि एकदा कालवली की दोनेक तासांत संपवायची. सहा पिल्लांसाठी शंभराची कुपी! घरी येऊन म्हटलं, वाडीत विचारूया का अजून कुणाला? मोठे भाऊजी म्हणाले, "लशी बॉयलरला. गावठीला काय होतंय? आईनं जन्मभर कोंबड्या ठेवल्या, कधी लस आणली नाही." मी नवखी, ते कोंबड्यांत वाढलेले. विषय तिथंच सोडला.

शिमग्याच्या आधी भाऊजींनी गावच्या राखणदार देवाला राखण द्यायला बाजारातून एक कोंबडा आणला आणि तीन दिवस आमच्याच खुराड्यात ठेवला. तो पंख पाडून कोपऱ्यात बसायचा. मला ते बरं दिसलं नव्हतं, तरी मी बोलले नाही. पाचव्या-सहाव्या दिवशी आमची एक तलंग, म्हणजे अंड्यावर येऊ घातलेली तरुण कोंबडी, दाणा टिपायला गेली आणि तिची चोच दाण्याच्या शेजारी जमिनीवर आपटली. परत तेच. संध्याकाळपर्यंत तिची मान वळत वळत पाठीवर गेली. हिरवट पातळ शीट. चार दिवसांत चार तलंगा आणि काकींची ती कोंबडी गेली. त्यातल्या एकीनं त्याच आठवड्यात पहिलं अंडं घातलं होतं, लिंबाएवढं. ते फडताळात तसंच होतं. पाचही जणींना चुना टाकून पुरलं, कोल्ह्याकुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर दगड ठेवले.

भाऊजी आजही म्हणतात, हवा बदलली होती. हवा नव्हती बदलली. त्यांच्या आईची, म्हणजे माझ्या सासूबाईंचीच आठवण आहे, "त्या साली साथीत सगळं खुराडं बसलं." एकदा नाही, दोनदा. पण कुणाकडून तरी एक कोंबडी आणून पुन्हा सुरू व्हायचं, आणि मागची मेलेली कुणी मोजायचं नाही. गावठी कोंबडी काटक असते ती ऊन-पावसाला. मानमोडीसमोर गावठी आणि बॉयलर सारखीच.

काकी मे महिन्यात आल्या. रिकाम्या खुराड्यापाशी थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि उरलेल्या दोघींकडे बघून म्हणाल्या, "ह्या तुझ्याच आता." तशी मी कोंबडीवाली झाले. आता आम्ही वाडीतली अकरा घरं मिळून कुपी आणतो. संध्याकाळी कोंबड्या खुराड्यात शिरल्या की धरायला सोप्या जातात. लहान पिल्लांच्या डोळ्यात एकेक थेंब, मोठ्यांना सुई. चार वर्षं झाली, मानमोडी आली नाही. भाऊजींच्या कोंबड्यांनाही लस मीच घालते.

आता तुमचं. चौघांना चार बाय तीन फुटांचं खुराडं पुरे, दिवसा मोकळ्या सुटणार असतील तर. जमिनीपासून हातभर उंच करा, आत बसायला दांडी आणि खाली तूस. बाजारात कोंबडीजाळी म्हणून मिळते ती षटकोनी जाळी मुंगूस वाकवून आत शिरतं. अर्ध्या इंचाची वेल्डिंगची जाळी घ्या. कणी, भरडलेला मका, घरातलं उरलंसुरलं चालतं, फक्त खारट नको. शिंपल्यांचा चुरा ठेवा, नाहीतर कवच पातळ होतं. गावठी कोंबडी वर्षाला साधारण 60 ते 80 अंडी देते, मधे खुडूक होते. रोज अंडं मिळेल हे डोक्यातून काढा.

लस धडधाकट कोंबडीलाच द्यायची, आजार लागल्यावर तिचा उपयोग होत नाही. तुमच्या मोठ्या आहेत, आधी काही टोचलंय का ते शेजाऱ्यांना फोन करून विचारा आणि कुठली लस द्यायची ते डॉक्टरांनाच ठरवू द्या. नवा पक्षी आणलात तर निदान दोन-तीन आठवडे वेगळा डालग्याखाली, दूर. आणि एकदम बऱ्याच मेल्या तर मी केलं तसं हातानं उचलून पुरू नका, आधी दवाखान्यात कळवा. 2006 साली नंदुरबारच्या नवापूरला बर्ड फ्लू निघाला, तो देशातला पहिला होता. घरच्या घरी बघून मानमोडी की बर्ड फ्लू हे ओळखता येत नाही.

कुपी आणायला जाताना थर्मासमध्ये बर्फ घरूनच न्या, दवाखान्यात मिळेल असं धरू नका.